मूठभर धान्याची शाळा

एखादे गाव शाळा काढावयाचे ठरवते, तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा उभा राहतो. इमारत कोठून आणावी, शिक्षकांचे वेतन कसे द्यावे, पाट्या-पुस्तके कशी पुरवावीत, अशा चिंता पुढे येतात. परंतु महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. पुष्कळ शाळा मोठ्या धनराशीतून निघाल्या नाहीत. निःस्वार्थी माणसांचे श्रम आधी आले आणि पैसा मागून आला. तोही बहुधा अल्पच होता.

एखाद्या चांगल्या कार्याला सरकारने किंवा संस्थेने दिलेल्या आर्थिक साहाय्यास अनुदान म्हणतात. अनुदान म्हणजे कर्ज नव्हे, कारण ते परत फेडावयाचे नसते. तसेच ते बक्षीसही नव्हे. ज्या कामासाठी ते मिळाले त्याच कामावर ते खर्च करावे लागते आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो.

अशा साहाय्याचे एक जुने उदाहरण पुण्यात सापडते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली तेथे मुलींची शाळा सुरू केली. मुलींना शिकवणे हे त्या काळी अनेकांना पाप वाटे. फुले दांपत्याने लोकनिंदा सोसली, घर सोडले आणि शिकवण्याचे काम वेतन न घेता केले. त्यांचे हे कार्य पाहून पुढे त्यांच्या शाळांना दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपये मिळू लागले. हा फंड मूळचा पेशवाईतील. पूर्वी त्यातून विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा दिली जाई. तोच पैसा आता मुलींच्या शिक्षणाकडे वळला. रक्कम लहान होती, पण तिच्यामुळे चालू कामाला बळ मिळाले. मात्र १८५७ च्या उठावानंतर युरोपीय देणगीदारांकडून येणारी मदत आटली आणि या शाळांपुढे पैशाची अडचण उभी राहिली. दूरच्या झऱ्यावर विसंबणाऱ्या शेताची जी स्थिती होते, तीच दूरच्या दात्यावर विसंबणाऱ्या शाळेचीही होते.

मग जवळचा झरा कोणता? या प्रश्नाचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दिले. भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतःची कामे स्वतः करीत. शिवाशिव पाळली जाणाऱ्या त्या दिवसांत हे मोठे धाडस होते. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली व त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव दिले.

या मुलांच्या पोटाची सोय कशी व्हावी? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने एकामागून एक मोडले आणि अखेर मंगळसूत्रही विकले. पण एका घरातील सोने किती दिवस पुरणार? यासाठी मुष्टिफंडाची रीत उपयोगी पडली. घरातील गृहिणीने स्वयंपाकासाठी धान्य काढताना त्यातील एक मूठ मुलांसाठी बाजूला ठेवावयाची आणि साठलेले धान्य वसतिगृहाकडे पोचवावयाचे, अशी ही साधी योजना होती. एक मूठ धान्याने कोणाचे घर उपाशी राहत नाही. परंतु शंभर घरांच्या शंभर मुठी एकत्र आल्या म्हणजे अनेक मुलांचे जेवण होते. ज्या बाईला स्वतःला अक्षरओळख नव्हती, तीही अशा रीतीने शिक्षणाची दाती झाली. शाळा ही कोणा परक्याची नसून आपली आहे, ही भावना त्या मुठीतून उपजली.

पुढे १९३७ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. खेडोपाडी शाळा काढणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना सरकार अनुदान देऊ लागले. रयत शिक्षण संस्थेने या संधीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. देवळात, चावडीत, जेथे जागा मिळेल तेथे तिच्या ‘व्हॉलंटरी शाळा’ भरू लागल्या. बहुतेक शाळांत एकच शिक्षक असे. जागा गावाची, श्रम शिक्षकाचे आणि थोडेसे अनुदान सरकारचे, असा हा मेळ होता. अशा पाचशेहून अधिक शाळा संस्थेने चालवल्या.

या मेळाची कसोटी १९४८ साली लागली. सरकारशी मतभेद झाल्यामुळे संस्थेचे अनुदान काही काळ थांबवण्यात आले. संस्था मोडून पडेल, अशी भीती होती. परंतु लोकांनी वर्गणी जमवली आणि काम सुरू राहिले. संत गाडगेबाबांनीही भाऊरावांच्या बाजूने शब्द टाकला. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. ज्या झाडाची मुळे गावाच्या मातीत खोल गेली होती, ते एका कोरड्या ऋतूने वाळले नाही. वटवृक्ष हे या संस्थेचे बोधचिन्ह आहे, ते किती यथार्थ आहे!

हा अनुभव केवळ आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाची पूर्वी फार आबाळ होत असे. बुकर टी. वॉशिंग्टन या शिक्षणतज्ज्ञाच्या प्रेरणेने ज्युलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याने १९१२ पासून तेथील शाळांना साहाय्य देण्यास आरंभ केला. त्याची एक अट अशी होती, की गावानेही आपला वाटा उचलावा. गरीब शेतकऱ्यांनी पैसे दिले, जमीन दिली, लाकूड दिले आणि अंगमेहनत केली. १९३२ पर्यंत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. कृष्णवर्णीय लोकांनी भरलेली एकूण रक्कम रोझेनवाल्ड यांच्या देणगीहूनही अधिक भरली.

यावरून लहान अनुदान केव्हा फळते, हे समजते. गरज कोणती हे गावाने स्वतः ठरवलेले असावे. गावाचा काही वाटा त्यात असावा. पै-पैचा हिशेब सर्वांसमोर मांडलेला असावा. आणि पैसा संपल्यावरही काम पाहणारी माणसे असावीत. देणगीतून पुस्तकांचे कपाट येते. पण ते रोज उघडणारा हात पैशाने विकत मिळत नाही.

आज शाळांची स्थिती बदलली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. सरकारी शाळांत व्यवस्थापन समित्या स्थापण्याची तरतूद झाली. त्यांतील किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असा नियम आहे. म्हणजे शाळेच्या कारभाराची जबाबदारी कायद्यानेच पालकांकडेही सोपवली आहे. अंबरनाथ व बदलापूर यांच्या मधले चिखलोली असो, की सह्याद्रीच्या कुशीतील एखादा पाडा असो, सर्वत्र हीच गोष्ट खरी आहे. शाळेची बाग, वाचनालय, पिण्याचे पाणी यांसाठी मिळणारे साहाय्य लहान असेल. पण त्याला गावाच्या श्रमांची जोड मिळाली, तर त्याचे मोल अनेक पटींनी वाढते. मूठ लहान असते; ती किती जणांची आहे आणि कशासाठी उघडली आहे, यावर तिचे सामर्थ्य ठरते.