ओसरीवरूनच दिलेली हाळी

शुक्राणू स्त्रीबीजाजवळ पोहोचला की बीजाभोवतीच्या पेशींतून झिरपणारे प्रोजेस्टेरॉन हे स्टेरॉइड संप्रेरक त्याला लागते. काही सेकंदांत त्याच्या आत कॅल्शियम शिरते आणि शेपटीचे फटकारे जोर धरतात. १९८९-९० मध्ये हे प्रयोगशाळेत दिसले, तेव्हा संशोधकांची पंचाईत झाली. पाठ्यपुस्तकातली रीत वेगळी होती. स्टेरॉइड संप्रेरक पेशीत शिरते, केंद्रकातल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, जनुके चालू होतात, मग प्रथिने तयार होतात. या सगळ्याला तास लागतात. शुक्राणूची जनुके तर घट्ट गुंडाळलेली, जवळजवळ मुकी! मग निरोप घेतो कोण?

उत्तराचा पहिला धागा माशात सापडला. टेक्सासच्या पोर्ट अरान्सासमध्ये योंग झू आणि पीटर थॉमस यांनी २००३ साली सी-ट्राउट माशाच्या अंडाशयातून पेशीपटलावर बसणारा प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर वेगळा केला. माजघरात न शिरता ओसरीवरूनच हाळी द्यावी, तसे हे काम. माणसातही त्याचे भाईबंद निघाले. पहिल्या गुणसूत्रावरचे पीएक्यूआर ७ हे जनुक असाच ३४६ अमिनो आम्लांचा रिसेप्टर घडवते.

महाराष्ट्र या शोधात मागे नव्हता. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या चंदर पुरी, गीतांजली सचदेव आदींच्या गटाने पुरुषाच्या वृषणात पेशीतले आणि पटलावरचे असे दोन्ही प्रकारचे रिसेप्टर एकत्र नांदत असल्याचे २००५ मध्ये मांडले.

पण भांडण मिटले नाही. काही प्रयोगशाळांना पीएक्यूआर ७ चे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर दिसलेच नाही. शुक्राणूपुरता निकाल तर वेगळ्याच दिशेने झुकला. २०११ मध्ये प्रोजेस्टेरॉन कॅटस्पर नावाची कॅल्शियमची वाट उघडते हे कळले. २०१६ मध्ये त्यामागे एबीएचडी २ हे दुसरेच प्रथिन असल्याचे दिसले. म्हणजे पीएक्यूआर ७ खोटे ठरले असे नाही, मात्र शुक्राणूच्या कोड्याचे श्रेय सध्या त्याला देता येत नाही.

मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचेही कारण असते. तेव्हा सुनेच्या तपासण्या संपायची वाट न पाहता वीर्यतपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी. तिच्यात शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार कळतो. प्रोजेस्टेरॉनची हाळी त्यांना ऐकू येते की नाही, हे नेहमीच्या अहवालात नसते.