जुन्या योजनेची झडती

नगररचनेची ओळख : लेखांक सहावा

शासनाची मंजुरी मिळून एकदा अंमलात आलेली विकास योजना अजरामर असते, असा समज आपल्या शहरांत फार रूढ आहे. वस्तुतः महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ३८ अन्वये नगरपालिकेने वा महानगरपालिकेने तिचे पुनरीक्षण २० वर्षांतून निदान एकदा केलेच पाहिजे, असे बंधन आहे. गेल्या आठवड्यात मूळ योजना कशी सिद्ध होते ते आपण पाहिले. पुनरीक्षणाची वाटही कागदोपत्री तीच: इरादा जाहीर करावयाचा, नगररचना अधिकारी नेमावयाचा, विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करावयाचा, मग प्रारूप प्रसिद्ध करून जनतेच्या हरकती मागवावयाच्या. परंतु ह्या खेपेस जमीन कोरी नसते. तिच्यावर मागच्या योजनेने केलेले संकल्प उभे असतात, बरेचसे नुसतेच उभे असतात. म्हणून नव्या पत्रकावर रंग भरण्यापूर्वी जुन्याची झडती घेणे हे पुनरीक्षणाचे पहिले आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम होय.

उदाहरणादाखल सांगली घेऊ. पटवर्धनांच्या संस्थानाची ही राजधानी, शेजारचे मिरज आणि उद्योगांमुळे वाढलेले कुपवाड ही तिन्ही गावे १९९८ मध्ये एका महानगरपालिकेच्या छत्राखाली आली. २०११ च्या जनगणनेत ह्या तिघांची मिळून लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती. ह्या शहराचा विद्यमान वापराचा नकाशा तयार करावयास निघालेल्या मोजणीदारापुढे पहिली अडचण उभी राहते ती गुंठेवारीची. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याने शेतजमिनीचे बारीक तुकडे करून विकणे निषिद्ध ठरविले, पण शहरात नोकरीधंद्यासाठी आलेल्या माणसाला रीतसर मंजूर झालेल्या रेखांकनातला भूखंड परवडण्यासारखा नव्हता. तेव्हा शेतकऱ्याने एकराचे चाळीस गुंठे पाडले, मुद्रांक कागदावर करार झाले, विटांच्या भिंती चढल्या, आणि सात-बाऱ्यावर जिराईत म्हणून नोंदलेल्या शेतात पाहता पाहता वसाहत उभी राहिली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली. पुढे २०२१ मध्ये हीच मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. मुदत वाढविता येते हे एकदा लोकांच्या ध्यानी आले, की पुढच्या मुदतवाढीच्या भरवशावर घरे बांधली जाणार, हे सांगावयास नगररचनाकार कशाला हवा? महसुली दप्तर एक सांगते, मंजूर योजना दुसरेच दाखविते आणि जमिनीवर तिसराच प्रकार असतो. विद्यमान वापराच्या नकाशाने ह्या तिसऱ्यालाच प्रमाण मानले नाही, तर त्यावर रचलेले सारे प्रारूप हवेत राहील.

दुसरी साक्ष कृष्णेची. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २००५ चा महापूर लोकांच्या स्मरणात ताजा असतानाच ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्यात राहिला. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत घरे बांधण्यास मनाई. दोहोंच्या दरम्यान बांधावयाचे तर जोते लाल रेषेच्या वर उचलावे लागते. नियम चांगला आहे, परंतु एकट्यादुकट्याने जोते उचलण्यासाठी भराव टाकला म्हणजे तेवढे पाणी शेजारच्या सखल घरात शिरते, हे तो विसरतो. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही. शामरावनगरासारख्या सखल वस्तीत पुराविनाही, नुसत्या पावसाने पाणी तुंबते, ते नैसर्गिक ओघळ भराव आणि बांधकामे यांनी अडल्यामुळे. पुनरीक्षणात पूररेषा नकाशावर उमटतेच. ओघळ मात्र सर्व्हे नंबरागणिक शोधून उमटवावे लागतात, आणि ते काम किचकट म्हणून बहुधा टळते.

आता आरक्षणे. क्रीडांगण, शाळा, बाजार, रुग्णालय यांसाठी खाजगी जमिनीवर आरक्षण टाकणे सोपे. ती जमीन ताब्यात घेणे कठीण. अंतिम योजना अंमलात येऊन १० वर्षे उलटली आणि जमीन संपादन झाली नाही, तर कलम १२७ खाली मालकाला खरेदी-सूचना बजावता येते. त्या सूचनेनंतरची मुदत मूळ कायद्यात ६ महिन्यांची होती, पुढे ती १२ झाली, आणि २०१५ पासून २४ महिन्यांची आहे. एवढ्या अवधीतही संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होऊन जमीन मोकळी होते. नगरपालिकेने ठराव करावा, जिल्हाधिकाऱ्यांस पत्र धाडावे आणि हेच आपले पाऊल म्हणावे, हा पळवाटीचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या २००७ मधील निवाड्यात बंद केला. शिवाय २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदल्यावर तितकीच दिलासा रक्कम देणे भाग झाले आहे. पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तोड मुंबईत चालते, कारण तेथे त्या हक्काला गिऱ्हाईक आहे. लहान शहरात, जेथे चार मजल्यांवर इमारत नेण्याची बांधकाम व्यावसायिकालाच घाई नाही, तेथे तो हक्क मालकाच्या पेटीत पडून राहतो. म्हणून मागील आरक्षणांपैकी किती ताब्यात आली, किती सुटली, किती अतिक्रमणाखाली गेली, याचे विवरण प्रारूपासोबत नसेल, तर नव्या आरक्षणांची यादी जितकी लांब तितकी ती संशयास्पद समजावी. उदारपणे टाकलेले पण न परवडणारे आरक्षण मालकाला दशकभर छळते, आणि मुलांना मैदान काही मिळत नाही.

प्रारूप प्रसिद्ध झाले, की हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. येणाऱ्या अर्जांत माझ्या गटावरील आरक्षण उठवा, रस्ता पलीकडून न्या, असाच मजकूर अधिक. आमच्या प्रभागातील आरक्षण का मुरले, असा प्रश्न लेखी विचारणारा विरळा, कारण त्या प्रश्नात कोणाची एकट्याची जमीन गुंतलेली नसते. अर्जांची सुनावणी नियोजन समिती करते. तीत तीन लोकनियुक्त सभासद आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. तिच्या अहवालानंतर योजना शासनाकडे जाते, आणि शासनाने त्यात भरीव फेरबदल सुचविले तर तेवढ्यापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. तोपर्यंत वर्षे लोटलेली असतात, पहिल्या फेरीचे अर्जदार थकलेले असतात, आणि योजनेचा उरलेला भाग मंजूर होऊन वादाचा तुकडा तेवढा ‘वगळलेला भाग’ म्हणून मागे राहतो. ह्या वगळलेल्या भागांचे पुढे काय होते, ते पुढील लेखांकी.