घाटावरची चित्रे, घाटाखालचे चित्रकार

महाराष्ट्रातील सर्वसामान्य माणसाचा तैलचित्राशी परिचय होतो तो चित्रशाळेत किंवा संग्रहालयात नव्हे, तर समारंभात. शाळेच्या संस्थापकांचे किंवा पतपेढीच्या आद्य अध्यक्षांचे चित्र रेशमी पडद्याआड झाकलेले असते, प्रमुख पाहुणे दोरी ओढतात, टाळ्या पडतात, चित्राला हार चढतो, आणि त्या दिवसापासून पुढे त्याच्याकडे चित्र म्हणून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. अलीकडे तर छायाचित्रच यंत्राने कॅनव्हासवर छापून घेऊन निमंत्रणपत्रिकेत त्याला बिनदिक्कत ‘तैलचित्र’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्यात तेलाचा थेंबही नसतो, पण समारंभाला त्याने बाध येत नाही. आमच्या कोकणातल्या लांजा तालुक्याची कथा याहून निराळी नाही. परंतु या कलेचा महाराष्ट्रातील इतिहास थोडा खोलात जाऊन चाळू लागले, म्हणजे एक विसंगती मनात घर करते: ज्यांची चित्रे निघाली ती माणसे, आणि ज्यांनी ती काढली ती माणसेही, वारंवार कोकणच्या मुलखातली निघतात, चित्रे मात्र पाहावयाची तर पाली, साखरपे करीत आंबा घाट चढून देशावर जावे लागते, नाहीतर मुंबई, आणि कित्येकदा थेट विलायत गाठावी लागते.

या विसंगतीचा उलगडा काही अंशी रसायनात आहे, म्हणून प्रथम तेलाविषयी. चित्राचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही; ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात, आणि शेवटी त्याचा चिवट, पारदर्शक असा पापुद्रा बनतो, ज्यात रंगाचे कण कायमचे अडकून बसतात. हा गुण सर्व तेलांत नसतो. जवस, अक्रोड आणि खसखस यांच्या तेलांत तो पुरेपूर असतो, तिळाच्या तेलात अर्धामुर्धा. आणि ज्या खोबरेल तेलावर कोकणचे स्वयंपाकघर, केस आणि देवघर पोसले जाते, त्यात तो मुळीच नसतो. खोबरेल थंडीत थिजते, उन्हात पातळ होते, पण वर्षानुवर्षे ठेवले तरी त्याचा पापुद्रा होत नाही. जवस पिकतो तो मराठवाड्यात आणि विदर्भात. म्हणजे चित्राचे तेल घाटावरचे. रंगद्रव्याची गोष्ट मात्र उलट आहे. लांज्याच्या परिसरातील जांभ्या दगडाला आणि मातीला जो तांबूस वर्ण आहे तो लोहाच्या प्राणिदांचा, आणि हाच पदार्थ दळून, धुऊन, वस्त्रगाळ करून काव म्हणून भिंतींना लागतो, तर तेलात घोटला की चित्रकाराचा सर्वांत विश्वासू लाल रंग होतो. युरोपातील चित्रकारांच्या पेटीत ‘इंडियन रेड’ नावाचा जो जांभळट तांबडा रंग शतकानुशतके आहे, तो मूळचा हिंदुस्थानातील याच जातीच्या मातीचा. उन्हाने तो विटत नाही आणि इतर रंगांशी त्याचे वाकडे येत नाही.

तेलात रंग कालवण्याची युक्ती पंधराव्या शतकात फ्लँडर्समधील यान व्हान आइकने शोधली, अशी कथा इटलीच्या वाझारीने प्रसृत केली आणि ती तीनशे वर्षे प्रमाण मानली गेली. ती खरी नव्हे. २००८ साली अफगाणिस्तानातील बामियानच्या लेण्यांमधील रंगांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा सातव्या शतकाच्या सुमाराच्या बौद्ध भित्तिचित्रांत अक्रोड किंवा खसखशीच्या जातीचे वाळणारे तेल सापडले. व्हान आइकचे श्रेय एवढेच, पण ते थोडे नव्हे, की तेलाच्या पातळ, पारदर्शक थरावर थर चढवून आतून प्रकाश फाकल्याचा जो भास निर्माण होतो, तो त्याने पूर्णत्वास नेला.

मराठी दरबारात हे माध्यम आले ते अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चितारी दरबारात दाखल झाला, आणि १७९२ साली त्याने सवाई माधवराव पेशवे व नाना फडणीस यांचे, सेवकांसह, मोठे तैलचित्र काढले. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. नाना म्हटल्यावर जी लांबट, कृश आणि गंभीर मुद्रा आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते, तिला वेल्सच्या कुंचल्याचा मोठा आधार आहे. या चित्रातील दोघांची मुळे कोठे आहेत, हे पाहण्यासारखे आहे. पेशव्यांचे भट घराणे श्रीवर्धनचे, नानांचे भानू घराणे मंडणगड तालुक्यातील वेळासचे. कोकण सोडून घाट चढलेल्या माणसांची ही चित्रे. जे खाली राहिले त्यांचा चेहरा कोणाही चिताऱ्याने टिपला नाही. (लांजा तालुक्यातील कोट हे झाशीच्या नेवाळकरांचे मूळ गाव, त्या घराण्याचा इतिहासातील लौकिकदेखील गाव सुटल्यानंतरचाच.)

मॅलेटच्या प्रेरणेने शनिवारवाड्यात एक छोटी चित्रशाळाही निघाली, आणि गंगाराम तांबट हा तिचा गुणी विद्यार्थी. वेरूळ व कार्ले येथील लेण्यांची त्याची रेखाटने आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. परंतु ती कागदावरची कामे. तेलाचे तंत्र वेल्सने कोणा मराठी शिष्याच्या हाती सोपवण्याइतका अवकाश काळाने दिला नाही. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि नोव्हेंबरात, साष्टीच्या लेण्यांचे काम चालू असतानाच, वेल्सही गेला. त्याची मुलगी सुझाना हिच्याशी पुढे मॅलेटने विवाह केला, आणि वेल्सने जमवलेल्या रेखाटनांच्या आधारावर टॉमस डॅनियलने पेशव्यांच्या दरबारातील तहाचे भव्य तैलचित्र १८०५ मध्ये विलायतेत पूर्ण केले. दरबार पुण्याचा, चित्र लंडनचे.

तेलाचा दुसरा प्रवेश अधिक दूरगामी ठरला, आणि तो सरकारी दप्तरातून झाला. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलप्रतिकृती करीत होता. त्यांपैकी बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा हाती घेतले, ते १८८५ पर्यंत चालले, आणि त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत त्यांपैकीही कित्येक जळाल्या. एकाच कामावर असा दोनदा अग्नीचा कोप व्हावा, हे दुर्दैव खरे. पण ग्रिफिथ्स यांच्यावर माझा एक आक्षेप आहे. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून अजिंठ्याच्या मूळ भिंतींवर रोगण चढवले गेले, आणि ते पुढे पिवळे पडून, तडकून, चित्रांचे पापुद्रे घेऊन सुटू लागले. ते काढण्यासाठी निजाम सरकारला १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलवावे लागले. कॅनव्हासवर जे तंत्र वरदान होते, तेच मातीच्या गिलाव्यावर अपाय ठरले. तथापि याच मोहिमेत पेस्तनजी बोमनजींसारख्या चित्रकारांचे हात तयार झाले, हेही विसरता येत नाही.

१८५७ च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलने घाटाखालच्या मुलखाला पहिल्यांदा तेलाचे दार उघडे केले. सावंतवाडीजवळच्या कोलगाव येथे १८६७ साली जन्मलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून विख्यात आहेत, आणि त्यांच्या चरित्रात ‘जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण, मेयो पदक’ हा उल्लेख वाचक घाईने ओलांडून जातो. पण हैदराबादेत आणि लाहोरात त्यांचा चरितार्थ कुंचल्याने आणि कॅमेऱ्याने चालला होता, आणि औंध संस्थानाशी त्यांचे नाते जुळले त्यातही चित्रकलेचा वाटा होता. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर लाहोरात जन्मले, फ्लॉरेन्स, लंडन आणि पॅरिस येथे शिकले, आणि पुढे महाराष्ट्राचे कलासंचालक झाले. सावंतवाडीचेच सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. त्यांचे हातातल्या दिव्याच्या उजेडात उभ्या असलेल्या युवतीचे चित्र, जे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, ते रविवर्म्यांचे तैलचित्र म्हणून लक्षावधी माणसे पाहून गेली असतील. ते ना रविवर्म्यांचे, ना तेलातले. ते हळदणकरांचे जलरंगातील काम आहे, आणि तेलावर ज्याची हुकमत आहे असा मनुष्य पाण्यात काय करू शकतो याचा तो पुरावा आहे. गोव्यातील सांगे येथील अँटोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना तर मुंबईत ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हणत. अशा उपाध्यांचा मला कंटाळा आहे, परंतु काळोखातून चेहरा उजळवण्याची त्रिंदाद यांची रीत पाहिली म्हणजे ती उपाधी निव्वळ शिष्टाचाराची नव्हती हे मान्य करावे लागते. त्यांचा मोठा संग्रह आज पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहे. घाटाखाली राहिलेल्या तैलचित्रांतील तो ठळक अपवाद.

तेलात चित्र रंगवण्याची रीत म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. चौकटीवर ताणलेल्या कापडाला आधी सरस चोपडतात, कारण तेल थेट धाग्याला लागले तर धागा कुजतो. मग सफेद्याचे अस्तर. त्यावर मातकट रंगात पातळ, टर्पेंटाइन मिसळलेली पहिली मांडणी, जी लवकर वाळते. नंतरचा प्रत्येक थर आधीच्याहून अधिक तेलकट. हा क्रम उलटला, म्हणजे खाली सावकाश वाळणारा आणि वर झटपट वाळणारा थर आला, तर वरचा तडकतो. प्रकाशाची स्थळे जाड, अपारदर्शक सफेद्याने उठवायची. छाया मात्र पातळ, पारदर्शकच ठेवायच्या, म्हणजे त्यांच्यातून खालचा उबदार वर्ण झिरपतो. अंबर या मातीत मँगनीज असल्यामुळे ती मिसळलेला रंग लवकर वाळतो, काजळीचा काळा मात्र दिवसेंदिवस ओला राहतो. ही सारी वेळापत्रके चित्रकाराला मुखोद्गत असावी लागतात. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पिळता येणारी कथलाची नळी काढली, तेव्हापासून रंग घोटण्याचे कष्ट वाचले. पण वाळण्याचे हे हिशेब कोणत्याही नळीत भरून येत नाहीत.

आणि येथेच कोकणचा पाऊस आड येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथे चार महिन्यांत कोसळतो, तेथे सरस हवेतील ओल पिऊन फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, आणि वरचा रंग, जो एव्हाना वयाने कडक झालेला असतो, या हालचालीला साथ देऊ शकत नाही. तो आधी बारीक भेगाळतो, मग खवल्यांनी सुटतो. ओल फारच वाढली की कापडाचे धागे स्वतःच फुगून कापड आखडते, आणि मागच्या बाजूला, चिऱ्याच्या गार भिंतीला टेकलेल्या भागात, बुरशी धरते. त्यात माजघरातला अंधार. जवसाच्या तेलाचा थर अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात ठेवला की पुष्कळसा निवळतो, ही गोष्ट रुबेन्सलाही ठाऊक होती; पेटीत बंद राहून पिवळे पडलेले चित्र उन्हात ठेवावे, असा सल्ला त्याने एका पत्रात दिला आहे. आमच्या भागात उलट प्रकार घडतो: चित्र मौल्यवान म्हणून ते सर्वांत आतल्या खोलीत टांगतात, त्याखाली समई तेवते, आणि चार पावसाळ्यांत आजोबांच्या पांढऱ्या पगडीवर गेरवट झाक चढते.

आश्रयदाते हे दुसरे कारण. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३८ साली डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. तेथे रविवर्मा आणि महादेव विश्वनाथ धुरंधर यांची मूळ कामे आहेत, आणि हवा कोरडी आहे. कोल्हापूर, बडोदे, म्हैसूर या दरबारांची गोष्ट अशीच. रत्नागिरी जिल्हा इंग्रजी अमलाखालचा; खोतांच्या घरी वसुलाचे जमाखर्च काटेकोर असत, पण तसबिरीसाठी चिताऱ्याला तैनात देण्याची ऐपत किंवा हौस क्वचितच. त्यांच्या भिंतींवर आले ते ओलिओग्राफ. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच्या दगडी ठशांनी एकेका रंगाचा निराळा ठसा उमटवून आणि वर रोगण देऊन तैलचित्राची जी हुबेहूब चमक आणली जाई, तीच कोकणच्या दोन पिढ्यांची तैलचित्राविषयीची सारी कल्पना होती. लक्ष्मी कमळात उभी आहे आणि सरस्वती वीणा घेऊन बसली आहे; कुंचल्याचा एकही फटकारा न पाहता माणसे तेलरंगाची भक्त झाली. रंगाने घरोघरी पोहोचावयाचे ठरवले तर हाच मार्ग होता; तरीही नक्कल आधी आणि अस्सल नंतर पाहिल्याने डोळ्याला जी सवय लागते, तिचे मोल मला अजून चुकते झाल्यासारखे वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाटाखालच्या दोन चित्रकारांनी तेलाची प्रकृतीच पालटली. गोमंतकीय कुटुंबातले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी कुंचला बाजूला ठेवून रोलर आणि चाकूने रंग चढवला, खरवडला, पुन्हा चढवला. वर्षातून मोजकीच चित्रे पुरी होत, आणि थरांमागून येणारा तो जुना फ्लेमिश उजेड त्यांनी आकृतीवाचून मिळवला. अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी दारे-खिडक्यांना लावण्याचा एनॅमल रंग कॅनव्हासवर आणला. पुटामागून पूट चढवण्याऐवजी ते सपाट, चकचकीत पृष्ठ त्यांना हवे होते. घड्याळ, पान, शिंपला यांसारख्या वस्तू त्यावर तरंगताना दिसतात. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे पुस्तक मराठीत चित्रकाराने चित्राविषयी लिहिलेल्या थोड्या प्रामाणिक पुस्तकांपैकी एक आहे.

घाट न चढता अस्सल चित्र पाहण्याची सोय आता झाली आहे. देवरुख येथे लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात भारतीय चित्रकारांची मूळ कामे टांगलेली आहेत, आणि तेथेच कला महाविद्यालय आहे. चिपळूणकडे जाताना सावर्डे येथे सह्याद्री शिक्षण संस्थेच्या चित्र-शिल्प महाविद्यालयात कोकणातल्या खेड्यांतील मुले कॅनव्हास ताणायला शिकतात. लांज्याच्या शाळांना सहलीसाठी दोन्ही ठिकाणे एका दिवसाच्या पल्ल्यात आहेत. ज्या संस्थांच्या सभागृहांत खरी, हाताने रंगवलेली जुनी चित्रे अजून शिल्लक आहेत, त्यांच्या चालकांनी खर्चाचे असे काही करावयाचे नाही: चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर राखावे, ओल्या फडक्याने चित्र कधीही पुसू नये, हार चौकटीला घालावा आणि रंगाला टेकू देऊ नये, आणि पावसाळा सरला की चित्र उतरवून उजेडाच्या खोलीत, उन्हाची थेट तिरीप चुकवून, आठवडाभर ठेवावे.