शेवया (वऱ्हाड)
शेवया हा गव्हापासून केला जाणारा वाळवणाचा पदार्थ आहे. बुलढाणा जिल्ह्यासह वऱ्हाडात उन्हाळ्यात वर्षभराच्या बेगमीसाठी शेवया करण्याची परंपरा आहे. पीठ घट्ट मळून मुरवल्यावर त्यातील ग्लुटेनमुळे ते न तुटता ताणले जाते. पाटावर वळून ओढलेल्या तारा काठीवर वाळत घालतात. शिजवलेल्या शेवया दूध व गूळ किंवा साखर घालून खातात. विदर्भातील सरगुंडे हा याच्या जवळचा पदार्थ काडीवर कणीक गुंडाळून करतात व शिजवून आमरसासोबत वाढतात. जपानमधील ‘सोमेन’ या बारीक नूडल्सही गव्हाचे पीठ ओढून करतात. मात्र त्यांचा पारंपरिक हंगाम थंड, कोरडा हिवाळा असतो. यंत्रांच्या प्रसारानंतर शेजारणींच्या परस्पर मदतीने होणाऱ्या हातशेवया कमी झाल्या आहेत.