दोन थरांच्या सीमेवर वीज कशी तयार होते?

आपल्या मोबाईलचा ओएलईडी पडदा सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुगांच्या अर्धवाहकांमुळे उजळतो. अशाच पदार्थांपासून सौरघटही बनतात. पण त्यात एक मोठी अडचण होती.

सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सहज मोकळा होतो. सेंद्रिय पदार्थात मात्र इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी झालेली जागा, म्हणजे 'होल', एकमेकांना घट्ट धरून राहतात. ही जोडी साधारण १० नॅनोमीटर सरकते आणि विझते. वीज मिळतच नाही.

१९८६ मध्ये कोडॅकचे शास्त्रज्ञ चिंग तांग यांनी दोन वेगळ्या सेंद्रिय पदार्थांचे थर एकावर एक दिले. एक पदार्थ इलेक्ट्रॉन सहज देणारा, दुसरा सहज घेणारा. त्यामुळे सीमेवर पोचलेली जोडी तुटते आणि वीज मिळते. कार्यक्षमता सुमारे १ टक्का झाली.

तरीही सीमेपासून दूर तयार झालेल्या जोड्या वायाच जात. म्हणून १९९५ च्या सुमारास दोन्ही पदार्थ एकमेकांत मिसळण्यात आले. सीमा सगळीकडे पसरली. आज प्रयोगशाळेत कार्यक्षमता १९ टक्क्यांपुढे गेली आहे.

ओएलईडीत याच्या उलट घडते. तिथे इलेक्ट्रॉन व होल सीमेजवळ भेटतात आणि प्रकाश देतात.

म्हणूनच या क्षेत्रात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकेका पदार्थाइतकाच त्यांच्यातील सीमेचाही अभ्यास करावा.