दोन कप्तान, एक तरुणी आणि समुद्रतळाचं सोनं

‘वेक ऑफ द रेड विच’ (1948) या चित्रपटाचा नायक सुरुवातीलाच आपल्या ताब्यातलं जहाज मुद्दाम बुडवतो. जहाज मालकाचं, तळाशी सोन्याच्या विटा, आणि सुकाणूवर कप्तान राल्स, म्हणजे जॉन वेन. एवढं होऊनही मालक सिडनी तक्रार पुढे रेटत नाही. हा माणूस गप्प का, या एका प्रश्नावर दिग्दर्शक एडवर्ड लुडविग पुढची सगळी गोष्ट उभी करतो. उत्तर अर्थात एका मुलीत आहे. अँजेलिकवर दोघांचाही जीव. तिचं मन राल्सकडे, लग्न मात्र सिडनीशी.

हॉलिवूडच्या समुद्रपटांत हा त्रिकोण नेहमीचाच. खजिना हे निमित्त, स्त्री हेही बऱ्यापैकी निमित्त. खरं नातं असतं ते एकमेकांवाचून करमत नाही अशा दोन वैऱ्यांचं. बाकीचे चित्रपट हे झाकतात. ‘रेड विच’ उघडपणे मान्य करतो, म्हणूनच तो मला त्यांच्यात सर्वांत जिवंत वाटतो. ल्यूथर अ‍ॅडलरचा सिडनी पुढे चाकाच्या खुर्चीला खिळतो. राल्सची कहाणी तोच सांगू लागतो, आणि सांगताना द्वेषाइतकंच कौतुकही त्याच्या आवाजातून झिरपतं. वेनला इथे नेहमीचा सरळमार्गी वीर व्हायचं नव्हतं. राल्स दारुडा, क्रूर आणि सूडानं पोखरलेला आहे. पुढे वेननं आपल्या निर्मितीसंस्थेला नाव दिलं ते याच चित्रपटातल्या ‘बॅटजॅक’ कंपनीचं, म्हणजे खलनायकाच्या पेढीचं! अँजेलिक झालेली गेल रसेल पडद्यावर थोडा वेळच दिसते, पण तिच्या डोळ्यांतली भीती अभिनयाची वाटत नाही. कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचं दडपण ती आयुष्यभर दारूत बुडवत राहिली. 1961 मध्ये, 36 व्या वर्षी गेली.

रिपब्लिक हा काटकसरीचा स्टुडिओ, स्वस्तातल्या काउबॉयपटांसाठी ओळखला जाणारा. तिथे दृश्यकरामती सांभाळणाऱ्या लायडेकर बंधूंची छोटी नमुना-जहाजं मात्र खरी वाटायची. अष्टभुज ऑक्टोपसचं तेवढं साधलं नाही. मोत्यांसाठी वेन त्याच्याशी झुंजतो तेव्हा रबर लपत नाही. टिम बर्टनच्या ‘एड वुड’मध्ये (1994) तो ऑक्टोपस स्टुडिओतून पळवण्याचा प्रसंग आहे. मूळ चित्रपटापेक्षा तोच अनेकांना आठवत असेल.

‘रेड विच’च्या सहा वर्षं आधी सेसिल बी. डमिल यांच्या ‘रीप द वाइल्ड विंड’मध्येही वेन असाच पाण्याखाली गेला होता. काळ 1840, जागा फ्लॉरिडाची की वेस्ट. फुटलेल्या जहाजांतला माल वाचवून हिस्सा घेण्याचा तिथला धंदा, आणि त्या हिश्शासाठी जहाजंच खडकांवर घालणाऱ्या टोळ्या. हा धंदा पाहण्यासारखा आहे, प्रेमकथा फारशी नाही. पॉलेट गॉडार्डभोवती वेन आणि रे मिलंड, कप्तान आणि वकील, घिरट्या घालतात. बुडालेल्या जहाजात एक तरुणी लपलेली होती का, हा कोर्टातला वाद सोडवायला दोघांना पाणबुड्याचा पोशाख चढवावा लागतो. तिथे महाकाय स्क्विड येतो, ऑस्करही तांत्रिक करामतींसाठी मिळतो, आणि वेन प्रतिस्पर्ध्याला वाचवताना मरतो. डमिलना नीती सांभाळायची होती. गुन्हेगार कप्तानाला नायिका मिळून चालणार नव्हतं.

‘ऑल द ब्रदर्स वेअर व्हॅलियंट’ (1953) हा एमजीएमचा रंगीत थाट. बेन एम्स विल्यम्सच्या कादंबरीवर 1923 आणि 1928 मध्ये मूकपट झालेच होते. इतक्यांदा उचलावं असं त्यात काय होतं, तर भाऊबंदकी. रॉबर्ट टेलर धाकटा, स्टुअर्ट ग्रेंजर थोरला, आणि दूरच्या खाडीत राहिलेले काळे मोती. धाकट्याची नवी नवरी देवमासे मारणाऱ्या जहाजावर येते आणि थोरल्याच्या रसाळ बतावणीला भुलून नवऱ्याला भेकड समजू लागते. ग्रेंजर इतका मजेत खेळतो की तिचं भुलणं पटतं. मग जहाजावर बंड होतं, थोरला ऐनवेळी भावाच्या बाजूनं लढून मरतो, आणि दिग्दर्शक रिचर्ड थॉर्प तिला निमूट नवऱ्याच्या शेजारी नेऊन उभी करतो. त्या काळ्या मोत्यांचं तिला स्वतःला काय वाटलं, हे विचारायला पटकथेला सवड झालेली नाही.