पोवळ्याच्या घरातला भाडेकरू

इंदूरच्या सराफ्यात पोवळे मिळते ते अंगठीत बसवायला. पत्रिकेत मंगळ असलेल्यांची त्याला मागणी. त्यामुळे पोवळे म्हणजे एक लाल खडा, एवढीच माझी समजूत होती. कन्नडमध्ये त्याला 'हवळ' म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृत 'प्रवाळ'चे नातलग. सराफ्यातल्या लाल पोवळ्याची जात वेगळी आणि लक्षद्वीपची बेटे ज्यांनी घडवली ते प्रवाळ वेगळे. पण दोन्ही मुळात दगड नव्हेत. इवल्याशा प्राण्यांची ती चुन्याची वसाहत आहे. आणि या वसाहतीत भाडेकरूही राहतात, हे वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्याला एका चित्रफितीने शिकवले.

हा भाडेकरू म्हणजे गांडुळाचा दूरचा भाऊबंद. इंग्रजीत त्याला 'ख्रिसमस ट्री वर्म' म्हणतात, शास्त्रीय नाव स्पायरोब्रँकस. सगळा मिळून चारेक सेंटिमीटर लांब, त्यातही बहुतेक अंग नळीत दडलेले. बाहेर दिसतात ती दोन चक्राकार झुडपे: निळी, पिवळी, लाल, नारिंगी, कधी पांढरी. ती शोभेसाठी नाहीत. त्यांतूनच तो श्वास घेतो आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव पकडून तोंडाकडे नेतो. त्या झुडपांवर डोळेही असतात! नुसती सावली पडली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झुडपे आत आणि नळीवर झाकण बंद.

अंड्यातून निघालेले पिल्लू काही दिवस पाण्याबरोबर भटकते आणि मग जिवंत प्रवाळावर उतरून चुन्याची नळी बांधू लागते. भोवती प्रवाळ वाढतो, तसतशी हाही नळी लांबवतो. एकदा बिऱ्हाड केले की जन्मभर बदली नाही. प्रवाळात झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षांची वलये असतात. ती मोजून शास्त्रज्ञांनी या किड्यांचे वय काढले, तेव्हा काही चाळिशी ओलांडलेले निघाले. चाळीस वर्षांचा हिशेब घरमालकाच्याच वहीत लिहिलेला!

भाडे काय देतो? प्रवाळ खाणारा एक काटेरी तारामासा असतो. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९८६ साली नोंदवले की त्याच्या धाडीनंतरही या किड्यांच्या अगदी लगतचे प्रवाळ बऱ्याच ठिकाणी वाचलेले आढळले. मला तरी हे भाडे पुरेसे वाटते.

आता घरमालकाचीच अवस्था नाजूक आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला अन्न पुरवते. समुद्र फार तापला की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उष्मा टिकला तर उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे घडले. २०२४ साली पुन्हा घडले. भारतात २००१ पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, म्हणजे ते तोडणे गुन्हा; पण तापलेल्या पाण्यावर खटला कोणी भरायचा?

किड्याचे अन्न पाण्यातून येते, म्हणून मालक मेला तरी भाडेकरू लगेच मरत नाही. शेवाळ चढलेल्या मृत प्रवाळावरही तो आपली झुडपे उघडतो, पाणबुड्याची सावली पडली की मिटतो. पण नव्या पिल्लांना लागतो तो जिवंत प्रवाळ. शेजारी नवी नळी उभी राहत नाही.